गादी आणि गंमत

१५९८ साली लंडनच्या पुस्तकबाजारात एका नाटकाची छापील प्रत आली. पहिल्या पानावर चौथ्या हेन्री राजाचं नाव, खाली श्रूसबरीच्या लढाईचा उल्लेख, मग बंडखोर हॉटस्परचं नाव आणि शेवटी सर जॉन फॉल्स्टाफ नावाच्या इसमाच्या गमतीजमतींची वेगळी जाहिरात. लेखकाचं नाव कुठेच नाही. ते पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आलं. भाऊबीज उरकल्यावर कोहमाऱ्याहून नवेगाव बांधमार्गे अर्जुनी मोरगाव आणि पुढे वडशाकडे जाणाऱ्याला या पानात नवल वाटायचं कारण नाही. चौकाचौकांत झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागलेली असतात. नाटकाचं नाव ठसठशीत, नायक-नायिकेचे फोटो, आणि त्यांच्याच तोडीने विनोदी नटाचा फोटो. लेखकाचं नाव शोधावं लागतं. गादीसाठीची लढाई आणि पोट धरून हसवणारा माणूस, दोन्ही एकाच तिकिटात, हा धंद्याचा हिशेब टेम्सकाठच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या नाटकवाल्यांनी एकमेकांना न विचारता सारखाच मांडला.

पुढे वाचायचं आहे ते नाटक म्हणजे शेक्सपिअरचं ‘चौथा हेन्री’, भाग पहिला. १५९६-९७च्या सुमाराला लिहिलेलं. मराठीत शेक्सपिअर आला तो मुख्यतः शोकांतिकांच्या दाराने. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ आणला, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांचा ‘झुंझारराव’ गाजला. पुढे शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ आणि विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आला. वा. बा. केळकरांच्या ‘त्राटिके’ने लोकांना हसवलंही. इंग्लंडच्या राजांवरची नाटकं मात्र आपल्याकडे रुजली नाहीत. परक्या राजांच्या वंशावळीत आमच्या प्रेक्षकाला काय रस, असं त्याचं कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लिअर तरी कुठे आपल्या गोतातला होता? माझ्या मते अडचण वेगळी आहे. या नाटकात राजाइतकीच, खरं तर राजापेक्षा जास्त जागा एका लठ्ठ, कर्जबाजारी, थापाड्या दारुड्याने अडवली आहे. मराठी ऐतिहासिक नाटकाला राजा हवा असतो, राजपुत्र हवा असतो, फितूर कारभारी तर हवाच असतो. पण राजपुत्राच्या मांडीला मांडी लावून बसणारा असा माणूस त्याला नकोसा वाटतो. शहरातल्या रंगभूमीला जे नकोसं वाटलं ते झाडीपट्टीला वाटणार नाही, आणि म्हणून या नाटकाची ओळख नवेगाव बांधाच्या बाजूने करून द्यावी असं मला वाटतं.

आधी गोष्ट. १३९९ साली हेन्री बोलिंगब्रोकने आपला चुलतभाऊ दुसरा रिचर्ड याला गादीवरून खाली खेचलं आणि स्वतः चौथा हेन्री झाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला रिचर्ड पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदेत मेला. शेक्सपिअरने आधीच्या नाटकात त्याचा खूनच दाखवला आहे. हेन्रीला गादी मिळवून देण्यात मोठा हात पर्सी घराण्याचा होता: नॉर्थंबरलँडचा अर्ल, त्याचा भाऊ वूस्टर आणि अर्लचा तरणाबांड मुलगा हेन्री पर्सी, म्हणजे हॉटस्पर. सप्टेंबर १४०२मध्ये हॉटस्परने होमिल्डनच्या टेकडीवर स्कॉटिश फौज मोडली आणि बडेबडे सरदार कैद केले. राजाने कैदी मागितले. हॉटस्पर म्हणाला, आधी माझा मेहुणा मॉर्टिमर याला वेल्सच्या ग्लेंडोवरच्या कैदेतून खंडणी भरून सोडवा. राजा हे करणार नव्हता, कारण मॉर्टिमरच्या घराण्याचा गादीवरचा हक्क त्याच्यापेक्षा सरळ होता. एवढ्यावरून ठिणगी पडली. २१ जुलै १४०३ रोजी श्रूसबरीजवळ लढाई झाली, तीत हॉटस्पर पडला. हे सगळं शिजत असताना राजाचा थोरला मुलगा हॅल लंडनमधल्या ईस्टचीपच्या खानावळीत फॉल्स्टाफबरोबर दारू पीत, वाटमारीचे बेत करत बसलेला असतो.

पर्सी कोण, हे कळायला आमच्याकडच्या वाचकाला इंग्लंडचा नकाशा लागू नये. राजधानीपासून लांब, डोंगराच्या नाहीतर जंगलाच्या तोंडाशी मुलूख. तिथल्या धन्याकडे स्वतःची माणसं, स्वतःची गढी आणि राजा काय देणं लागतो याचा स्वतःचा हिशेब. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघूजी १८१६ साली वारले. गादीवर आलेला मुलगा परसोजी आजारी आणि अपंग होता; १८१७च्या सुरुवातीला त्याचा खून झाला आणि चुलतभाऊ अप्पासाहेब राजा झाले. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, इंग्रज जिंकले, आणि पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना पदच्युत केलं. तेव्हा त्यांच्या बाजूने आमच्या मुलखात उठाव केला तो कामठ्याच्या जमीनदाराने, चिमणा पटेलाने. हा गोंदियाजवळचा कामठा, नागपूरशेजारची कामठी नव्हे. उठाव १८१८मध्येच मोडला. चुलतभावाने बळकावलेली गादी, कैदेतला राजा, सरहद्दीवरचा हट्टी जमीनदार: ‘चौथा हेन्री’ला लागणारं निम्मं सामान इथे पडलेलं आहे. नाटक मात्र कोणी लिहिलं नाही. परसोजीच्या खुनावर एखाद्या खाडिलकरांची नजर गेली असती तर ‘भाऊबंदकी’ला नागपुरी भावंड मिळालं असतं.

शेक्सपिअरने इतिहासात एक मोठी ढवळाढवळ केली आणि सगळं नाटक तिच्यावर उभं आहे. खरा हॉटस्पर १३६४चा, म्हणजे खुद्द राजापेक्षाही तीन वर्षांनी मोठा. श्रूसबरीच्या वेळी युवराज अवघा सोळा वर्षांचा होता. नाटकात दोघं बरोबरीचे, एकाच नावाचे, एकाच पिढीचे हेन्री आहेत. त्यामुळे पहिल्याच प्रवेशात बापाला मनातली जळजळ बोलता येते: पाळण्यात असतानाच कोणी परीने या दोन पोरांची अदलाबदल केली असती तर बरं झालं असतं, पर्सीचा तो माझा आणि माझा तो पर्सीचा. स्वतःच्या मुलाबद्दल बापाने भर दरबारात हे बोलावं! पुढल्या लढायांना, कैद्यांच्या वादाला, नदीच्या वाटणीला धार येते ती या एका वाक्यामुळे. कोणता मुलगा लायक, हे ज्याने स्वतः गादी लुबाडली त्या बापाने ठरवायचं आहे. त्याला मुलाच्या उनाडपणात आपल्या पापाची शिक्षा दिसते आणि हॉटस्परमध्ये आपलं तारुण्य दिसतं. मुलगा काय आहे, हे त्याने अजून पाहिलेलंच नाही.

इथे मराठी वाचकाला पन्हाळा आठवणारच. शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर असताना संभाजीराजे शृंगारपूरला होते. घरात धाकट्या राजारामाच्या आई सोयराबाई, बाहेर अण्णाजी दत्तोंसारखे वजनदार प्रधान, आणि वारसाचा प्रश्न सगळ्यांच्या मनात. डिसेंबर १६७८मध्ये संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. पुढच्या वसंतात दिलेरखानाने भूपाळगड घेतला, तेव्हा ते त्या छावणीत होते. गडावर किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. पडलेल्या गडावरच्या कैद्यांचे हात तोडले गेले. १६७९ संपता संपता संभाजीराजे मोगलांच्या छावणीतून निसटून पन्हाळ्यावर परत आले, आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला बाप-लेकांची तिथे भेट झाली. ते का गेले, यावर इतिहासकारांची भांडणं आजही मिटलेली नाहीत. सभासदाच्या बखरीत या भेटीची हकीकत आहे. तिच्यानुसार महाराजांनी राज्याच्या दोन वाटण्या सुचवल्या, मधली हद्द तुंगभद्रा. बखर जिंजीला, राजारामाच्या आश्रयाने लिहिली गेली हे मात्र वाचताना विसरू नये.

आणि पलीकडच्या बाजूलाही तीच गोष्ट! १६८१च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा अकबर याने बापाविरुद्ध बंड करून स्वतःला बादशहा जाहीर केलं, आणि ते फसल्यावर तो पळत आला तो संभाजीराजांच्याच आश्रयाला. एका बापाकडून दुसऱ्याच्या छावणीत गेलेला मुलगा, आणि अडीच वर्षांत त्या दुसऱ्याचाच मुलगा त्याच्या दारात. कल्पनेने कोणी असं रचलं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, फार जमवून आणलंय.

श्रूसबरी आणि पन्हाळा यांत एक फरक आहे आणि आपल्या नाटकांचा सूर त्या फरकाने ठरला. शेक्सपिअरचा हॅल बापाची बोलणी खातो, शपथ घेतो आणि काही दिवसांत त्याच रणांगणावर स्कॉटिश सरदार डग्लसच्या तलवारीखालून बापाला वाचवतो. संशयाचा हिशेब समोरासमोर मिटतो. आपल्याकडे तशी संधीच मिळाली नाही. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर वारले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. घाईघाईने राजारामाला गादीवर बसवण्यात आलं. पण सेनापती हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ, थोरल्याच्या बाजूने उभे राहिले. जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या हाती आला, जानेवारी १६८१मध्ये राज्याभिषेक झाला. कारस्थानी प्रधानांना मृत्युदंड झाले. त्यात चिटणीस बाळाजी आवजीही गेले. बाप-लेकांचं राहिलेलं बोलणं राहूनच गेलं.

वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या १९६२च्या नाटकात नेमकं हेच राहिलेलं बोलणं रंगमंचावर आणलं. कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत; राजा, घर आणि वारसा यांची सांगड कशी घालायची हे शिकायला त्यांना लांब जावं लागलं नसेल. गोवा हिंदू असोसिएशनने ते केलं. मास्टर दत्तारामांचे शिवाजी महाराज, आणि संभाजी म्हणून काशिनाथ घाणेकर. घाणेकरांना त्या एका भूमिकेने आभाळाएवढं केलं. सिंहासनावरचा युगपुरुष घरात शिरताच हतबल बाप होतो, हे मराठी प्रेक्षकाने तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. या नाटकाचं मोठेपण मला मान्य आहे. तरी त्याचा कल आधीपासून ठरलेला आहे: बापही निर्दोष, मुलगाही निर्दोष, दोष मधल्या माणसांचा आणि नियतीचा. शेक्सपिअर असं करत नाही. त्याचा राजा मुलाशी बोलताना रडतो, आणि त्याच दमात त्याला डावपेच शिकवतो: मी लोकांना क्वचितच दिसायचो, म्हणून दिसलो की लोक टक लावून बघायचे, तू रोज दिसतोस, म्हणून तुझं मोल गेलं. बापाचं काळीज आणि सत्तेची शिकवणी एका संवादात एवढी मिसळली आहेत की कुठे काय संपतं हे अभिनेत्यालाच ठरवावं लागतं.

कानेटकरांच्या त्या रायगडावर फॉल्स्टाफ नाही. त्याआधी राम गणेश गडकऱ्यांना मात्र अशा माणसाची गरज जाणवली असावी. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला, म्हणजे विदर्भातच, गडकरी वारले तेव्हा ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं होतं. संभाजीराजांच्या शोकांतिकेत त्यांनी जिवाजी कलमदान्यासारखं विनोदी पात्र घातलं: लेखणीने राज्य चालवण्याच्या गप्पा मारणारा, तलवारीपासून चार हात लांब राहणारा. पुढे ते कुठे जाणार होतं सांगता येत नाही. पण राजाच्या सर्वनाशाशेजारी पोटार्थी माणसाचा बाजार मांडायची नजर त्या नाटकात आहे. त्यातल्या संभाजीराजांच्या चित्रणाचा राग धरून जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकला गेला.

पुतळा फेकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण ऐतिहासिक नाटकावर वारसांचा राग निघणं ही काही पुण्याचीच रीत नाही. फॉल्स्टाफचं पहिलं नाव सर जॉन ओल्डकासल होतं. खरा ओल्डकासल हा धर्मविचारासाठी १४१७ साली मारला गेलेला सरदार, आणि प्रॉटेस्टंट लोकांच्या लेखी हुतात्मा. त्याच्या पदवीचे वारस लॉर्ड कॉबहम हे एलिझाबेथ राणीच्या दरबारातलं बडं प्रस्थ. आपल्या घराण्यातल्या माणसाला असा दारुडा केलेला त्यांना खपला नाही आणि नाव बदलावं लागलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर हा तो माणूस नव्हे असा खुलासाच जोडावा लागला. आपल्या बाजूला गोष्ट उलट दिशेने घडली. संभाजीराजांना व्यसनी, बेजबाबदार ठरवण्यात मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीचा मोठा वाटा. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि लिहिणारा होता मृत्युदंड झालेल्या बाळाजी आवजींच्या वंशातला. तिथे घराण्याने नाव पुसायला लावलं, इथे घराण्याने नाव काळं केलं. वा. सी. बेंद्रे यांचं संभाजीचरित्र १९६०मध्ये आलं, तेव्हा कुठे जुनी कागदपत्रं लावून तो काळा रंग खरवडायला सुरुवात झाली. शेक्सपिअरच्या टेबलावर होती ती हॉलिनशेडची बखर. तीही ट्यूडर राजवटीत लिहिलेली, तेव्हा तिलाही आपला धनी होताच.

तो काळ बंडाच्या नावाने कापरं भरणारा होता. १५६९ साली उत्तरेतल्या सरदारांनी एलिझाबेथ राणीविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांचा एक म्होरक्या होता नॉर्थंबरलँडचा अर्ल, पुन्हा पर्सीच. १५७२मध्ये त्याचं डोकं उडवलं. त्या उठावानंतर बंड हे महापाप, असं प्रवचन चर्चमधून वाचून दाखवलं जाई. राणीला मूल नाही, वारस जाहीर नाही. असल्या हवेत गादी लुबाडणाऱ्या राजावर आणि पर्सींच्या बंडावर नाटक लिहायचं, तेही राज्याच्या परवानगीने! हसवणारा माणूस मधे असला की तपासनिसाची नजरही जरा सैल पडते. इंग्रज सरकारने खाडिलकरांचं ‘कीचकवध’ बंद केलं त्यात असं हसू फारसं नव्हतं, हा माझा आपला शेरा.

आता झाडीपट्टीकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत धान कापून झालं, चुरणं उरकलं की मंडई भरते, शंकरपट होतो आणि गावोगाव नाटकं लागतात. होळीपर्यंत हंगाम चालतो. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, तिथून बुकिंग. गावातलं मंडळ तिकीट लावतं, नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत जातं. प्रॉम्प्टर अजून टिकून आहे, गाणी आहेत, पडदे आहेत, मधेच नाच आहे. पाहुणेरावळे नाटकाच्या निमित्ताने येतात आणि सोयरीकही जमवून जातात. या सगळ्याच्या मुळाशी दंडार आणि खडीगंमत आहे, जिथे पुरुषच बाईचं सोंग घेतो आणि सोंगाड्या देवाच्या, राजाच्या, पाटलाच्या तोंडावर बोलून घेतो. या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे शहरी वर्तमानपत्रांनी तिची नीट दखल घेतली. तिच्यावर नाकं मुरडणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला: रडवता रडवता हसवतात, हसवता हसवता नाचवतात, एक रस धरून बसत नाहीत. एलिझाबेथच्या काळात सर फिलिप सिडनीने आपल्या रंगभूमीवर हाच आक्षेप घेतला होता, राजे आणि विदूषक एका गोतावळ्यात आणता म्हणून. तिथेही एक पेनी देऊन पटांगणात उभा राहणारा मजूर आणि वरच्या माडीवरचा उमराव एकाच खेळाला असत, आणि बायकांची कामं पोरगे करत. त्यांचे खेळ भर दुपारी होत, आमचे रात्रभर, एवढा फरक सोडा.

हे नाटक कुठून वाचायला घ्यावं असं विचाराल तर मी दुसऱ्या अंकातला खानावळीचा लांब प्रवेश सांगेन. फॉल्स्टाफने वाटमारी केलेली, आणि वेष पालटलेल्या युवराजाने त्यालाच लुटून पळवून लावलेलं. फॉल्स्टाफ खानावळीत येऊन शौर्य सांगू लागतो. आधी अंगावर आलेले दोघे, मग चौघे, मग सात, नऊ, अकरा. आकडा चढतो तसा हॅल शांतपणे ऐकत राहतो. थाप उघडी पडते तेव्हा फॉल्स्टाफ एक क्षणही लाजत नाही: मी ओळखलं होतं तुला, गादीच्या वारसावर हात कसा टाकू? मग राजवाड्याचा निरोप येतो, उद्या बापासमोर हजर व्हायचं आहे. दोघे तालीम करायची ठरवतात. फॉल्स्टाफ राजा होतो. खुर्ची हे सिंहासन, खंजीर हा राजदंड, डोक्यावर उशी हा मुकुट. हा नकली राजा पोराला रागावतो आणि त्यातच फॉल्स्टाफ नावाच्या सद्गुणी गृहस्थाची शिफारस करतो. मग जागा बदलतात. युवराज राजा होतो आणि फॉल्स्टाफ युवराज. आता त्या खुर्चीतून जे बोलणं येतं ते तालमीचं राहत नाही. फॉल्स्टाफ काकुळतीला येऊन म्हणतो, सगळ्यांना हाकल, पण या म्हाताऱ्याला नको. युवराज दोनच शब्दांत सांगतो: हाकलतो आहे, हाकलेन. तेवढ्यात दार वाजतं आणि शिपाई येतात. खडीगंमतीतल्या कसलेल्या सोंगाड्याला या प्रवेशाची तालीम द्यावी लागणार नाही; त्या दोन शब्दांनंतर किती थांबायचं, एवढंच सांगावं लागेल.

तिसऱ्या अंकात बंडखोर नकाशा पसरून इंग्लंडच्या तीन वाटण्या करतात. अजून लढाई व्हायची आहे, राजा गादीवर आहे, आणि हॉटस्पर चिडला आहे तो ट्रेंट नदीच्या वळणावरून: नदी माझ्या वाट्यात आत शिरते आणि चांगला तुकडा तोडून नेते, तेव्हा बांध घालून पात्र सरळ करा. ग्लेंडोवर म्हणतो, पात्र बदलू देणार नाही. धुऱ्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेली भावकी ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रवेश तळटीप न वाचता कळेल. आणि ज्या नवेगाव बांधात कोलू पाटील कोहळ्याने बांध घालून तलाव उभा केला अशी कथा सांगतात, जिथे त्या पाटलाचा देव झाला, तिथल्या माणसाला पाणी वळवायची धमकी पोकळ वाटणार नाही. याच प्रवेशात मॉर्टिमरची वेल्श बायको बोलते आणि नवऱ्याला एक अक्षर कळत नाही. सासरा दुभाष्या होतो. शेक्सपिअरने तिचे संवाद लिहिलेच नाहीत, ती वेल्शमध्ये बोलते एवढीच सूचना दिली. झाडीबोली, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी एका आठवडी बाजारात ऐकणाऱ्या प्रेक्षकासमोर हा प्रवेश कापू नये. शहरातले दिग्दर्शक तो पहिला कापतात.

फॉल्स्टाफवर जीव जडतो म्हणून त्याचा हिशेब चुकवू नये. लढाईसाठी माणसं भरती करायचा राजाचा अधिकार त्याच्या हाती येतो तेव्हा तो आधी खात्यापित्या घरची, लग्नाला आलेली पोरं निवडतो. ती पैसे देऊन सुटतात. दीडशे माणसांच्या बदल्यात तीनशेहून जास्त पौंड त्याच्या खिशात. मग उरतात ते काढून टाकलेले नोकर, धाकट्यांचे धाकटे, तुरुंगातून सुटलेले. सगळ्या तुकडीत मिळून दीड सदरा. युवराज म्हणतो, इतकी दीनवाणी माणसं मी पाहिली नाहीत. फॉल्स्टाफ म्हणतो, खड्डा भरायला पुरेत. लढाई चालू असतानाच त्या दीडशेतले तीनही जिवंत उरलेले नसतात, आणि उरले ते वेशीवर भीक मागण्यापुरते. ज्या माणसाने इज्जत म्हणजे नुसती हवा असं सांगून आपल्याला हसवलं त्याच माणसाने हे केलेलं असतं. दोन्ही बोलणी एकाच तोंडून येतात, म्हणून हे पात्र नुसतं विनोदी उरत नाही. नटाने फक्त हशा वसूल केला तर अर्धं काम झालं.

भाषेबद्दल थोडंसं. मूळ नाटकात दरबार पद्यात बोलतो आणि खानावळ गद्यात, हॅल दोन्हींत. मराठीत दरबाराला प्रमाण मराठीचा ताल आणि ईस्टचीपला झाडीबोली दिली तर हा भेद कानाला लगेच कळेल, आणि युवराजाला दोन्ही बोलता येतात यातच त्याचं राज्य करण्याचं शिक्षण दिसेल. तो खानावळीच्या पोऱ्यांची बोली मुद्दाम शिकतो, तेही गमतीपेक्षा जास्त हिशेबाने. पहिल्याच अंकात एकटा उभा राहून तो प्रेक्षकांना सांगून ठेवतो की हा उनाडपणा मी वेळ येताच टाकणार आहे. काहींना हे थंड रक्ताचं वाटतं. मलाही वाटतं, पण हे वाक्य काढलं तर नुसता सुधारलेला मुलगा उरतो.

खऱ्या लढाईत सोळा वर्षांच्या हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला होता आणि जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्याने तो मुद्दाम बनवलेल्या हत्याराने काढला. नाटकात युवराजाच्या अंगातून रक्त येतंय, एवढंच बोललं जातं. शेक्सपिअरला जखम वेगळीकडे दाखवायची होती. हॅल हॉटस्परला मारतो, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो आणि जातो. मेल्याचं सोंग घेऊन पडलेला फॉल्स्टाफ उठतो, प्रेताच्या मांडीत तलवार खुपसतो आणि हॉटस्परला आपणच मारलं म्हणून त्याला पाठीवर टाकून आणतो. युवराज ही थाप खपवून घेतो; तुझं भलं होत असेल तर मीही साक्ष देतो म्हणतो. ज्या पराक्रमासाठी बाप एवढा झुरला तो मुलाने स्वतःच्या हाताने दारुड्याला देऊन टाकला. बापाला हे कळतं का, नाटक सांगत नाही. शेवटच्या प्रवेशात कैद डग्लसचं काय करायचं हे राजा मुलावर सोपवतो, आणि मुलगा त्याला खंडणी न घेता सोडून देतो. कैद्यांच्या खंडणीवरून बाप आणि पर्सी अडून बसले होते, म्हणून ही लढाई झाली होती. पण नॉर्थंबरलँड अजून जिवंत आहे, ग्लेंडोवर वेल्समध्ये आहे. राजा फौज दोन वाटांनी पाठवतो: धाकटा मुलगा जॉन यॉर्ककडे, स्वतः राजा आणि हॅल वेल्सकडे. दुसरा भाग त्या वाटेवर सुरू होतो, आणि फॉल्स्टाफ त्यातही आहे.